एका गाण्यात दोन खर्ज

ड्रमचे चार ठोके पडले, गाणं सुरू झालं आणि दुसऱ्याच ओळीला खालच्या सुरांचा सगळा चिखल झाला. वहिनीने बेस गिटारच्या तारेवरून बोट उचललं. तरी घुमणं थांबलं नाही, कारण समोर उभी असलेली छोटी सिंथेसायझरवर डाव्या हाताने तेच सूर वाजवत होती, डोळे मिटून, अगदी रंगून.

"थांब," वहिनी म्हणाली. कोणी ऐकलं नाही. "अगं थांब! थांबा दोघं!"

नवऱ्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. छोटीने एक डोळा उघडला.

"आता काय झालं वहिनी? मला तर मस्त वाटत होतं."

"तुला वाटणारच. तू दोघींचं एकटीच वाजवतेयस."

छोटी ही तिची नणंद. चाळिशी उलटली, मुलगी कॉलेजात जायला लागली, तरी घरात तिचं नाव छोटीच राहिलं होतं, आणि छोटी म्हणून जे काही लाड असतात ते ती अजून हक्काने करून घ्यायची. वहिनी या घरात येण्याच्या कितीतरी आधीपासून भावाबहिणीचा दोघांचा बँड होता. भाऊ ड्रम वाजवायचा. बहीण उजव्या हाताने चाल, डाव्या हाताने खर्ज आणि गळ्याने गाणं, असं सगळं एकटीने सांभाळायची. दोघांत तिसऱ्याची गरज कधी पडली नव्हती. म्हणजे सामान उचलायला पडायची, आणि ते काम लग्नानंतर वहिनीकडे आलं होतं.

वहिनी हॉस्पिटलात कान तपासायची. भिंतींना जाड कापड लावलेल्या खोलीत लोकांना हेडफोन घालून बसवायचं, एकेक सूर सोडायचा आणि ऐकू आला की बटण दाबा म्हणायचं. खरंच ऐकू येणं आणि ऐकू आल्यासारखं वाटणं यांतला फरक ओळखण्याचाच तिला पगार मिळायचा. गाण्यापेक्षा गाण्याच्या तळाशी चाललेला तो जाड सूर तिला पहिल्यापासून आवडायचा. कार्यक्रमात शेवटच्या रांगेत सगळ्यांचे कोट मांडीवर घेऊन बसलेली असताना ती तोच ऐकत असायची. शेवटी तिने कोणाला न सांगता एक जुनी बेस गिटार आणली आणि दुपारच्या सुट्टीत हॉस्पिटलच्या त्या बंद खोलीत शिकायला लागली. शिकवायला दुसरं कोण होतं? बँडची रेकॉर्डिंगं होती. छोटीचा डावा हात त्यात जे वाजवायचा ते तिने सूर न सूर उचललं. हे घरी कळलं तेव्हा नवरा आश्चर्याने म्हणाला, "अरे, ही तर वाजवते की!" आणि छोटी म्हणाली, "ये की मग वहिनी, मजा येईल."

मजा अजून आली नव्हती.

त्यात आता हॉटेलचं प्रकरण आलं होतं. गावाबाहेरच्या एका मोठ्या हॉटेलला दर शनिवारी संध्याकाळी जेवणाच्या वेळी वाजवायला बँड हवा होता. एखाद्या दिवसापुरता नाही, अख्खा हंगामभर. मॅनेजरबाई गुरुवारी ऐकून ठरवणार होत्या. नवऱ्याने त्यांना फोन केला तेव्हा वहिनी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि नवऱ्याचं बोलणं तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं: "दोघं किंवा तिघं. स्टेज लहान असेल तर दोघंसुद्धा. तुम्हाला सोयीचं पडेल तसं."

"किंवा म्हणजे काय रे?" तिने फोन ठेवल्याठेवल्या विचारलं.

"म्हणजे त्यांना कसं हवं तसं."

"मग छोटी किंवा ड्रम असं का नाही सांगितलंस?"

"अगं, असं कसं सांगणार?"

"माझ्या बाबतीत कसं सांगितलंस मग?"

त्यावर तो घड्या घालायला मदत करू लागला, आणि तिने घातलेली एक घडी मोडून पुन्हा तशीच घातली. वहिनीने पुढे विषय काढला नाही. पण गुरुवारी नक्की काय ठरणार आहे ते तिला कळून चुकलं होतं. ती बँडमध्ये राहणार, की पुन्हा मागच्या रांगेत कोट सांभाळणार.

म्हणून तर हा चिखल तिला सहन होत नव्हता.

आधीचा अख्खा रविवार एका वेगळ्याच दोषामागे गेला होता. लांबलेल्या प्रत्येक सुरावर आवाज हळूहळू फुगायचा आणि हळूहळू बसायचा. नवरा म्हणाला केबल खराब आहे, म्हणून सगळ्या केबली बदलल्या. छोटी म्हणाली तुझा ॲम्प जुना आहे, म्हणून तो जड डबा या भिंतीकडून त्या भिंतीकडे ढकलला. मग ते सराव करायचे त्या घराखालच्या गॅरेजचं पत्र्याचं शटर थरथरतं असं सर्वानुमते ठरलं, आणि वहिनीने वरच्या दोन गाद्या खाली आणून शटरला टेकवून उभ्या केल्या. काही फरक पडला नाही.

"एकच सूर," शेवटी ती म्हणाली. "तू पण तोच धर, मी पण तोच धरते. गाणं नको, काही नको."

दोघींनी सूर धरला. तो फुगला, बसला, परत फुगला.

"श्वास घेतोय बघ," नवरा म्हणाला.

वहिनीने कपाळावर हात मारून घेतला. इतकं साधं आपल्याला सुचू नये! दोन सूर अगदी एकसारखे असले तर एकमेकांत मिसळून जातात, आणि लांबलांबचे असले तर वेगवेगळे ऐकू येतात. पण केसभर फरक असेल तर ते हळूहळू एकमेकांच्या पायात पाय घालत चालतात, कधी एकमेकांना उचलतात, कधी पाडतात.

"छोटी, आपला सूर जुळत नाहीये."

"मग जुळव की! तारा तुझ्या आहेत, त्या उतरणार. माझं मशीन आहे. मशीन कसं उतरेल?"

वहिनीने गिटारला चिमट्यासारखा लावलेला ट्यूनर दाखवला. त्याचा काटा बरोबर मध्ये होता. मग तिने सिंथेसायझरच्या पडद्यावर एकामागून एक पानं उघडली आणि शेवटच्या पानावर तिला हवं ते सापडलं. सगळ्या वाद्याचा सूर थोडासा खाली उतरवून ठेवलेला होता.

छोटीला आठवायलाही वेळ लागला. फार पूर्वी ती एका नृत्याच्या क्लासात वाजवायची. तिथला जुना पियानो उतरलेला होता आणि सुरात लावून घ्यायची कोणाची इच्छा नव्हती. म्हणून तिने आपलंच वाद्य त्याच्याबरोबर खाली आणलं. पुढे क्लास बंद पडला, पियानो भंगारात गेला, पण छोटीचं वाद्य त्याच्याशी इमान राखून होतं. ड्रमला भांडायला सूरच नसतो, त्यामुळे इतकी वर्षं कोणाला कळलं नव्हतं.

"म्हणजे इतकी वर्षं तू उतरलेल्या सुरात गातेयस," वहिनी म्हणाली. तिला हसू आवरेना.

"हसायला काय झालं? लोक पुन्हा पुन्हा बोलावतात ना? आणि ते बदलायचं नाही हं. माझा गळा तिथे बसलाय."

"अगं, पण चुकीचं आहे ते."

"वहिनी, हात लावायचा नाही."

मग वहिनीनेच आपल्या तारा सैल केल्या. त्यात विशेष कष्ट नव्हते. गाद्याही तिनेच परत वर नेल्या, त्यात होते.

आवाजाचं श्वास घेणं थांबलं. चिखल मात्र जिथल्या तिथे राहिला, आणि चीड आणणारी गोष्ट हीच होती. दोष होता, तो सापडला, दुरुस्तही झाला, आणि दुखणं काही हललं नाही. हॉस्पिटलात असं झालं की ती शांतपणे पुढची तपासणी लिहून द्यायची. इथे तिला काहीतरी आदळावंसं वाटत होतं.

दुसरं दुखणं शोधावं लागलं नाही, ते डोळ्यांसमोर होतं. छोटीचा डावा हात. वहिनी जे वाजवायची तेच तो हात वाजवायचा, आणि वाजवणारच, कारण ती त्याच्याकडूनच शिकली होती. गिटारचा सूर ठोक्यासारखा सुरू होतो, सिंथेसायझरचा किंचित उमलत येतो. एकाच दारातून दोन जाड माणसांनी एकदम आत शिरावं तसं व्हायचं आणि दोघंही चौकटीत अडकायची.

"नाही वाजवत बाई डावा," छोटीने कबूल केलं, आणि मनापासून केलं. पहिल्या कडव्यात तिने शब्द पाळला. दुसऱ्यात एक बोट आलं. तिसऱ्यात अख्खा हात येऊन बसला.

"छोटी!"

"अगं, मला कळलंच नाही!"

मग तिने हात जॅकेटच्या खिशात घातला. खिशातल्या खिशात बोटं नाचताना दिसत होती. उजवा हात अडखळला, आणि आपली नेहमीची गाणी गाताना तिचे शब्द हरवायला लागले. स्टूलवर बसून हात मांडीखाली दाबून पाहिला, तर ताल गेला.

"मला पायाखालची पायरी काढून घेतल्यासारखं होतं गं," छोटी रडवेली होऊन म्हणाली. "डावा हात असला की मी कुठे आहे ते मला कळतं."

हे वहिनीला समजत होतं, आणि म्हणून तर तिला जास्त त्रास होत होता. छोटी मुद्दाम करत असती तर कडकडून भांडता तरी आलं असतं.

मग तिला तोडगा सुचला. त्या वाद्यात पट्ट्यांचे दोन भाग करता यायचे, डावीकडे एक आवाज, उजवीकडे दुसरा. डावीकडच्या भागाचा आवाज पार शून्यावर नेला तर?

"तू वाजव ना डावा, खुशाल वाजव," ती म्हणाली. "फक्त त्यातून आवाज येणार नाही. तुझा हात खूश, मीही खूश."

छोटी तिच्याकडे बघतच राहिली. "मुक्या पट्ट्या बडवू? मी काय दुकानाच्या काचेतली बाहुली आहे का वहिनी?"

"कोणाला कळणार नाही."

"दादा, सांग हिला काहीतरी."

दादाने दोघींकडे पाहिलं आणि ड्रमचा एक स्क्रू, आधीच घट्ट असलेला, अजून घट्ट केला. "तुमचं तुम्ही ठरवा. मला दोन्ही चालेल."

"तुला सगळंच चालतं," वहिनी म्हणाली.

"नाही म्हणजे नाही," छोटी म्हणाली, आणि विषय तिथे संपला.

गुरुवारी दुपारी हॉटेलच्या हॉलमध्ये टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवलेल्या होत्या. स्टेज म्हणजे एका कोपऱ्यातला चौथरा होता. छोटीचा सिंथेसायझर पुढे लागला, त्याच्या मागे ड्रम मावले, आणि वहिनीला ड्रम आणि भिंत यांच्यामधली फट मिळाली. तिच्या पुढ्यात मोठ्या कुंडीत रुंद पानांचं झाड होतं. कुंडी सरकवता येईल का असं तिने विचारलं, तर एक वेटर म्हणाला, "बाईंना विचारावं लागेल." बाई फोनवर होत्या.

मॅनेजरबाई फोनवर बोलतच मधल्या टेबलापाशी येऊन बसल्या, फोन पालथा ठेवला आणि म्हणाल्या, "हं, करा सुरू. वेळ कमी आहे माझ्याकडे."

पहिलं गाणं गॅरेजमध्ये व्हायचं त्याहून वाईट झालं. रिकाम्या हॉलमध्ये खर्जाला रोखायला काही नव्हतं. तो भिंतींना थडकून परत यायचा आणि छोटीचे शब्द गिळायचा. कडेच्या टेबलावर रचलेले ग्लास किणकिणायला लागले. मॅनेजरबाईंनी कानाजवळ हात हलवला, डास हाकलावा तसा.

"गाता छान हो तुम्ही," गाणं संपल्यावर त्या छोटीला म्हणाल्या. "पण खाली काहीतरी घोंगावतंय. लोकांना जेवता आलं पाहिजे ना. ती गिटार जरा कमी करता का? नाहीतर राहूच द्या ती. मला फोनवर सांगितलं होतं की दोघंसुद्धा चालतील."

"चालतील," नवरा म्हणाला, मग त्याने बायकोकडे पाहिलं आणि घाईने पुढे जोडलं, "म्हणजे, तसं चालतं, पण..."

आणि तो ड्रमचा स्क्रू चाचपू लागला.

"अजून एक ऐकते, मग सांगते," बाई म्हणाल्या आणि आलेला फोन उचलला.

छोटी पाणी प्यायला गेली. नवरा खाली वाकून पायाचं पॅडल बघत बसला. वहिनी त्या फटीतून बाहेर आली आणि सिंथेसायझरसमोर उभी राहिली. पडद्यावरचं पान तिला पाठ होतं. पट्ट्यांचे दोन भाग केले आणि डाव्या भागाचा आवाज शून्यावर आणला. एखाद्याचं पत्र चोरून वाचताना जसं वाटत असेल तसं वाटेल असं तिला वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. ती फक्त चिडलेली होती, आणि चिडलेल्या माणसाचे हात फार स्थिर असतात.

दुसरं गाणं सुरू झालं.

पहिल्या ओळीतच हॉल मोकळा झाला. खाली एकच सूर होता, गोल आणि स्वच्छ, ठोक्याबरोबर सुरू होणारा आणि ती म्हणेल तिथे थांबणारा. त्याच्यावर छोटीचा आवाज एखाद्या पक्क्या पायवाटेवरून चालावा तसा चालत होता. छोटीने डोळे मिटले. तिचा डावा हात पट्ट्यांवर रोजच्यासारखा चालला होता, सूर न सूर, आणि ग्लास गप्प होते. वहिनीला दोन कडव्यांपुरता आपल्या रागाचा विसर पडला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ती मोजत नव्हती, शोधत नव्हती, नुसती वाजवत होती.

गाणं संपलं तेव्हा मॅनेजरबाई हसत होत्या.

"आता कसं! हेच हवं होतं मला. गिटार बंद केलीत ना? बरं केलंत."

"बंद नव्हती," वहिनी झाडामागून म्हणाली.

"हो का? मग कमी केली असेल. तो खालचा आवाज काय सुंदर येत होता!" त्या छोटीच्या डाव्या हाताकडे बोट दाखवत म्हणाल्या. "मी बघत होते, एकीकडे गाणं आणि एकीकडे हे. कसं जमतं हो तुम्हाला?"

"सवय," छोटी लाजत म्हणाली. "आणि हॉलच छान आहे तुमचा. आमच्या गॅरेजमध्ये माझा खर्ज कधी असा गोल येत नाही. आज मलाच मजा आली."

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तो मी वाजवत होते."

"वाजवत होतात ना, दिसत होतं मधूनमधून, पानांतून," बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. लहान मुलांना म्हणतात तसं.

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. तिचा ॲम्प त्याच्या कानापासून हातभर अंतरावर होता.

"तू सांग. कोणाचं ऐकू येत होतं?"

"मला तर दोन्ही ऐकू येत होतं," तो म्हणाला.

"दोन्ही?"

"म्हणजे एकत्र. छान मिसळलं होतं."

तिने डोळे मिटून घेतले. छोटीला राहू दे, बाईंनाही राहू दे, पण हा? याने जे वाजतच नव्हतं ते ऐकलं होतं, कारण दोन्ही ऐकू आलं म्हटलं की कोणाशी भांडावं लागत नाही.

"मग असं करा," मॅनेजरबाई घड्याळ बघत म्हणाल्या, "हेच परत दोघं वाजवा. गिटार नको. असंच आलं तर मग शनिवारपासून दोघंच या, स्टेजवर गर्दीही नको. चालेल?"

"चालेल की," छोटी म्हणाली. मग तिला वाईट वाटलं. "वहिनी, तू रागावू नकोस हं. नंतर बघू आपण काहीतरी."

सिंथेसायझर दोन पावलांवर होता. काहीतरी तपासायचंय म्हणून पुढे व्हायचं, एक बोट लावायचं, आणि डावा भाग पूर्ववत बोलायला लागला असता. छोटीची लाज राहिली असती आणि दर शनिवारी वहिनीला बसायला मागची रांग होतीच. किंवा आत्ता मोठ्याने सांगून टाकायचं. ती तोंड उघडणार तेवढ्यात "काही हरकत नाही, थोडा वेळ आराम करा तुम्ही," असं बाई म्हणाल्या, आणि वहिनीने तोंड मिटलं. तिने गिटारचा आवाज बंद केला आणि जिथे होती तिथेच उभी राहिली.

चार ठोके पडले. छोटीने गायला सुरुवात केली, आणि तिच्या आवाजाखाली काहीच नव्हतं.

ड्रम होते, उजव्या हाताची नाजूक किणकिण होती. मधे नुसती पोकळी. छोटीचा डावा हात ठरलेल्या जागी पडला, मग जास्त जोरात पडला. तिने डोळे उघडले आणि हाताकडे पाहिलं. एक शब्द चुकला. तिने एकच पट्टी दाबून धरली, तिच्याकडे कान नेला, मग तिची नजर पडद्यावर गेली आणि पडद्यावरून वळून, पानांच्या मधून, थेट वहिनीवर आली.

वहिनीला वाटलं होतं की आपल्याला बरं वाटेल. न्याय झाल्यासारखं. प्रत्यक्षात तिला समोर दिसलं ते एवढंच की छोटीचे कान लाल झाले आहेत, ती परक्या बाईसमोर पायरी नसलेल्या जिन्यावर उभी आहे आणि तरी गाणं सोडत नाहीये. आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. इतक्या वर्षांच्या कार्यक्रमांत ती कधीही गाणं अर्धवट टाकून उतरली नव्हती.

दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी वहिनीने आवाज वाढवला आणि गाण्यात शिरली. खालून सूर आला, आणि छोटीचा गळा त्याला टेकला. तिला टेकावं लागलं. मॅनेजरबाईंनी फोनवरून मान वर केली, आधी छोटीच्या हाताकडे पाहिलं, मग झाडाकडे, मग पुन्हा हाताकडे.

गाणं संपलं.

"तिघं येऊ आम्ही," छोटीच म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "दोघांत नाही होत हे."

"ते दिसतंय," बाई म्हणाल्या. त्यांना नक्की काय झालं ते कळलं नसावं, आणि कळून घ्यायला वेळही नव्हता. "शनिवारी सहाला या. तिघं." आणि फोन कानाला लावून त्या निघून गेल्या.

छोटी वळली.

"कधी बंद केलंस?"

"तू पाणी प्यायला गेलीस तेव्हा."

"म्हणजे दुसरं गाणं सगळं..."

"सगळं."

"चला, आवरूया का?" नवरा म्हणाला.

"तू गप्प बस," दोघी एकदम म्हणाल्या.

"विचारायचं तरी, वहिनी."

"विचारलं होतं. नाही म्हणालीस."

"मग नाही म्हटलं ना मी!"

वहिनीने गिटारचा पट्टा खांद्यावरून काढला. तो काढताना केसांत अडकला आणि ती आणखी वैतागली. "तुझ्या लाजेपायी मी मागे बसू का जन्मभर? बाईंनी तुझं कौतुक केलं, तू घेतलंस. एकदा तरी मनात आलं का, की हे माझं असेल?"

"येईल कसं? माझंच होतं ते!" छोटी जवळ आली. "चाल माझी, ठोका माझा, कुठे थांबायचं तेसुद्धा माझं. तू सूर न सूर माझा डावा हात वाजवतेस, वहिनी. म्हणून मला कळलं नाही. स्वतःचं काहीतरी वाजवलं असतंस, तर पहिल्याच ओळीला पकडलं असतं मी."

वेटर खुर्च्या उतरवायला लागले होते. खुर्च्यांचे पाय फरशीवर वाजत होते. वहिनीला पटकन काहीतरी लागेल असं बोलायचं होतं, पण छोटी खरं बोलत होती. एवढा आटापिटा करून तिने छोटीच्या हाताची जागा मिळवली होती. जागा, आणि हातही.

छोटीने पडद्यावर बोट ठेवलं आणि डावा भाग चालू केला. आवाज पूर्वी होता तिथे आणला. एक सूर वाजवून खात्री करून घेतली.

"शनिवारी हे चालूच राहणार."

"मग पुन्हा तोच चिखल."

"मग तू दुसरं वाजव. माझं नको."

"दोन दिवसांत?"

"तुझं तू बघ," छोटी म्हणाली. पण तिने वाद्याची वायर काढली नाही, आणि स्टेजवरून उतरलीही नाही.

वहिनीने दात आवळून पट्टा पुन्हा गळ्यात घातला. गाण्याची पहिली ओळ मनात म्हटली आणि एक सूर लावला.

"माझा आहे," छोटी म्हणाली.

तिने वरचा लावला.

"तोही माझाच. दुसऱ्या कडव्यात घेते मी तो."

"अगं, सूर काय बापाचे आहेत का तुझ्या?"

"वाजव."

ती उशिरा शिरली, ठोका पडून गेल्यावर. वाईट झालं. नवरा पुन्हा ड्रमवर बसला आणि अगदी हलक्या हाताने ताल धरला. तिने परत केलं, ते त्याहून वाईट झालं. बोटं सवयीने त्याच जुन्या जागांवर जात होती, आणि दर वेळी तिला ती उचलून दुसरीकडे न्यावी लागत होती. तिला रडू येईल असं वाटलं, ते रागाचं होतं. तिने पहिला सूर लावलाच नाही, रिकामा सोडला, आणि दुसऱ्या ठोक्यानंतर एक लांब, खालून वर घसरत जाणारा सूर काढला.

ती थांबली आणि छोटीच्या नकाराची वाट बघत राहिली.

छोटी मान तिरकी करून ऐकत होती. तिचा डावा हात पट्ट्यांवर होता, पण बोटं अजून खाली गेली नव्हती.